गुरुद्वाऱ्यातली निवडणूक लांबता कामा नये

धर्मसंस्थांनी लोकशाहीपासून चार हात दूर राहावे, असे मत वाचकांच्या पत्रांतून वारंवार मांडले जाते. त्यामागची भीती खोटी नाही. पण पंजाबचा इतिहास वेगळे सांगतो. ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांच्या तरुणीला मताचा हक्क 1928 साली मिळाला. त्याच वयाच्या शीख स्त्रीला तो 1925 सालीच मिळाला होता. हे मत विधिमंडळासाठी नव्हते, गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी होते.

हा हक्क सहज हाती आला नाही. त्या काळी पंजाबातले अनेक ऐतिहासिक गुरुद्वारे वंशपरंपरेने महंतांच्या ताब्यात होते आणि देवस्थानाच्या जमिनी ते घरच्यासारख्या वापरत. नोव्हेंबर 1920 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. पुढच्याच फेब्रुवारीत ननकाना साहिब येथे महंताच्या भाडोत्री माणसांनी शांतपणे आलेल्या शिखांच्या जथ्याची कत्तल केली. 1922 साली ‘गुरू का बाग’ येथे लंगरासाठी लाकूड तोडण्याच्या हक्कावरून आंदोलन सुरू झाले. अहिंसेची शपथ घेऊन रोज नवा जथा निघे, पोलिसांच्या लाठ्या खाई, पण कोणी हात उगारत नसे. गांधीजींचे इंग्रज सहकारी सी. एफ. अँड्र्यूज यांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि जगाला सांगितले. अखेर 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा झाला आणि गुरुद्वाऱ्यांचा कारभार निवडून आलेल्या समितीकडे आला.

या लढ्याचे मोठेपण त्याच्या मागणीत आहे. आंदोलकांनी जुन्या महंतांच्या जागी नवे महंत बसवले नाहीत, त्यांनी मतदारयादी मागितली. अनुयायी स्त्री-पुरुषांच्या मतावर धर्मस्थान चालू शकते, हे त्यांनी देश स्वतंत्र होण्याच्या बावीस वर्षे आधी करून दाखवले.

म्हणूनच आजची स्थिती खटकते. प्रबंधक समितीवर 170 सदस्य निवडून जातात, त्यांत 30 जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहाची मुदत पाच वर्षांची. सार्वत्रिक निवडणूक सप्टेंबर 2011 मध्ये झाली, आणि त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी पुढची झाली नाही. सहजधारी, म्हणजे अमृत न घेतलेल्या, शिखांच्या मताधिकाराचा वाद न्यायालयात होता हे खरे, पण 2016 साली संसदेने कायदा दुरुस्त केल्यावर ते कारणही उरले नाही. मतदार नोंदणी पुन्हा सुरू व्हायला 2023 चा ऑक्टोबर उजाडला. 2012 मध्ये एकवीस वर्षांची झालेली शीख मुलगी तिशीत पोचली, तोवर तिला एकदाही मत देता आले नव्हते. ही निवडणूक घेण्याची जबाबदारी केंद्र सरकारची आहे. हरियाणाने आपल्या वेगळ्या गुरुद्वारा समितीची निवडणूक जानेवारी 2025 मध्ये घेतली, म्हणजे हे काम अशक्य नाही.

महाराष्ट्रालाही याबाबत हात झटकता येणार नाहीत. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबचा कारभार 1956 च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या कायद्याला मंजुरी दिली. त्यात मंडळाच्या 17 सदस्यांपैकी 12 सरकारनियुक्त असणार होते. शीख समाजाने कडाडून विरोध केला, तेव्हा कुठे सरकार थांबले. पंढरपुरातही हेच दिसते. विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायमचे संपले, ते योग्यच झाले. पण मंदिर समिती सरकार नेमते आणि पायी वारी करणाऱ्या वारकऱ्याला तिथे मत नाही. बडव्यांच्या हातची सत्ता भक्तांकडे यायची, ती मंत्रालयात गेली.

समाजाचे धर्मस्थान समाजाच्या मतावर चालले, तर हिशेब मागण्याची, हरल्यावर खुर्ची सोडण्याची आणि विरोधकाचे ऐकून घेण्याची सवय माणसांना तिथेच लागते. ती सवय मोडू देऊ नये. केंद्र सरकारने प्रबंधक समितीची निवडणूक तिच्या मुदतीत होईल याची हमी द्यावी, आणि राज्य सरकारने हजूर साहिबच्या मंडळावर सरकारनियुक्त नव्हे, तर निवडून आलेले सदस्य वाढवावेत.