हशील की सौदा?

भातकुलीहून शेगावास दर्शनाला निघालेली सत्तरीची एखादी बाई एसटीत बसते, तेव्हा आपले तिकीट किती होणार हे तिला वाहकाला विचारावेही लागत नाही. बायकांना निम्मे भाडे २०२३ च्या मार्चपासून आहे, टप्पा सहा किलोमीटरांचा आहे, आणि समोर उभी असलेली गाडी साधी आहे की शिवशाही हे तिच्या रंगावरूनच कळते. हीच बाई अमरावतीवरून बडनेऱ्यास येऊन रेल्वेच्या खिडकीपुढे उभी राहिली, म्हणजे तिला पैसे देण्यापूर्वी एका प्रश्नाला जबाब द्यावा लागतो, आणि त्याचा जबाब तिच्या गावात कोणीही छातीठोकपणे देऊ शकणार नाही: पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस, की सुपरफास्ट? तिला शेगावास जायचे आहे, आणि जी गाडी आधी येईल तिने जायचे आहे. अंतर तेच, रूळ तेच, जनरल डब्यातली दाटीही तीच. हशील मात्र गाडीच्या नावावरून तीन तऱ्हांचे. नाव चुकले आणि साध्या गाडीचे तिकीट हाती धरून ती सुपरफास्टमध्ये चढली, तर टीसीच्या दृष्टीने ती गुन्हेगार ठरते, आणि आपण कोणता गुन्हा केला हे तिला तो दंडाची पावती फाडीपर्यंत समजत नाही.

या अवस्थेचे समर्थन करणारांचा पक्ष दुबळा नाही, म्हणून तो त्यांच्याच बळाने मांडला पाहिजे. ते म्हणतात की प्रवाशांच्या गरजा नाना प्रकारच्या असल्यामुळे दरही नाना प्रकारचे असणे हे त्यांच्या सोयीचेच आहे. पुढे रेल्वेवर अनेक चालक येणार, त्यांत चढाओढ लागणार, आणि जेथे चढाओढ तेथे दरांची विविधता अपरिहार्य, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तिसरा मुद्दा बाजाराचा: मागणी वाढली की भाव वाढावा, हा जगाचा शिरस्ता रेल्वेलाच का लागू नये? या तिन्हींपैकी दुसरा मुद्दा मी आधी घेतो, कारण वऱ्हाडच्या इतिहासाने त्याचा निकाल केव्हाच लावून ठेवलेला आहे.

मूर्तिजापूर जंक्शन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. तेथे एका बाजूला मुंबई-नागपूर हा रुंद रुळांचा मार्ग, आणि दुसऱ्या बाजूला, बंद पडेपर्यंत अडीच फुटी अरुंद रुळांवर उभी राहणारी, एका अंगाने यवतमाळला व दुसऱ्या अंगाने अचलपुरास जाणारी, आमची शकुंतला. हे १९० किलोमीटरांच्या आसपासचे अरुंद मार्ग किलिक निक्सन या पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचे. गाडी चालवीत असे ती आधी जीआयपी रेल्वे आणि स्वातंत्र्यानंतर मध्य रेल्वे. देशातील बहुतेक रेल्वे १९५१ पर्यंत राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तरी ही कंपनीचीच राहिली, आणि तिच्या वापराचा मोबदला सरकारी खजिन्यातून मालकाकडे जात राहिला. म्हणजे दोन मालक, दोन करार, दोन हिशेब, आणि तेही एकाच स्थानकात. परंतु दारव्ह्याच्या किंवा अंजनगावच्या शेतकऱ्याला तिकीट काढताना मालकाचे नाव कधी विचारले गेले काय? त्याच्या हाती पडत असे ते मध्य रेल्वेचे तिकीट. कोणाला किती पोचते करावयाचे, ही वाटणी खिडकीच्या मागे होई. खुद्द अमरावतीचा आणि खामगावचा फाटा हे आरंभी सरकारी मालकीचे मार्ग होते आणि ते चालवीत होती जीआयपी ही खाजगी कंपनी. त्या काळच्या उतारूने ही मालकी कधी स्वतःच्या खांद्यावर वाहिली नाही.

हे वऱ्हाडापुरतेही नव्हते. हिंदुस्थानात कंपन्यांच्या, संस्थानांच्या आणि सरकारच्या अशा डझनांनी रेल्वे एकमेकींना भिडून चालत असताना एका रेल्वेच्या स्थानकावर दुसरीच्या स्थानकाचे थेट तिकीट मिळत असे, आणि त्या पैशांची परस्पर फेड करण्यासाठी पुढे दिल्लीत हिशेबाची स्वतंत्र कचेरी निघाली. हे सारे शाईच्या दौतीने आणि खतावणीच्या वह्यांनी साधले. आज ज्यांच्या हाती गणकयंत्रे आहेत त्यांनी ‘चालक अनेक म्हणून तिकिटे अनेक’ असे म्हणावे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. कोकण रेल्वे हे निराळे महामंडळ, आणि तिच्या मार्गावर भाड्यासाठी अंतर वाढवून धरण्याची वहिवाट आहे. ही वहिवाट मला मान्य नाही. पण रोह्याच्या पुढे जाणाऱ्याला तेथेही दुसरे तिकीट काढावे लागत नाही, एवढे तरी तिच्या पदरात टाकले पाहिजे.

परदेशांकडे पाहावे तर तेथेही हाच न्याय दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये लहानमोठ्या शेकडो वाहतूक संस्था नांदतात आणि प्रवासी एका तिकिटावर आगगाडीतून बसमध्ये, बसमधून नावेत जातो. जपानने १९८७ साली आपल्या राष्ट्रीय रेल्वेचे प्रवासी वाहतुकीपुरते सहा तुकडे केले, परंतु एका कंपनीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणारे अखंड तिकीट तोडले नाही. इंग्लंडने १९९३ च्या कायद्याने गाड्या निरनिराळ्या कंपन्यांना मक्त्याने दिल्या, आणि तेथे दरांचे जंगल असे माजले की एका प्रवासाचे दोन तुकडे करून दोन तिकिटे घेतली तर ती सरळ तिकिटाहून स्वस्त पडावीत, आणि अशी तुकडेतोड करून देणे हाच कित्येकांचा व्यवसाय व्हावा. २०२४ साली त्याच देशाने या गाड्या पुन्हा सार्वजनिक मालकीत घेण्याचा कायदा केला. आपल्याकडे २०२० च्या जुलैमध्ये १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले गेले होते, आणि त्यांत भाडे ठरविण्याची मोकळीक चालकाला होती. ती योजना त्या वेळी फळाला आली नाही. पण तशी तजवीज पुन्हा होणारच नाही असे कोणी समजू नये.

आता बाजाराचा मुद्दा. हा मुद्दा वऱ्हाडी माणसापुढे मांडणाराने थोडे जपून मांडावा, कारण बाजार म्हणजे काय हे कापूस पिकवणाऱ्या या मुलखाला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. कारंजाचा कापूसबाजार १८८६ साली नियमांखाली आणला गेला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. कृषिमालाच्या नियंत्रित बाजारांचा हिंदुस्थानातील आरंभ तो हाच. त्या कायद्याचे मर्म काय होते? भाव चढावा-उतरावा याला त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती मापात, दलालीत, हमालीत आणि नाना नावांच्या कपातीत, शेतकऱ्याला न कळत, त्याच्या गाडीतून जे काढून घेतले जाई त्याला. म्हणजे बाजाराचा हवाला देऊन रेल्वेच्या दरांचे समर्थन करावयाचे तर तो हवाला पुरा द्यावा: जेथे देणाराला आपण कशाचे किती देतो हे कळत नाही, त्या जागेला या प्रांताने सव्वाशे वर्षांपूर्वीच बाजार म्हणण्याचे नाकारले.

शिवाय मूळ भेद आणखी खोल आहे. पटत नाही त्या भावाला शेतकरी आपला कापूस गाडीत परत घालू शकतो. मुंबईच्या इस्पितळात माणूस निजलेला असताना तिकीट परत करून घरी बसता येत नाही, आणि रुळांवर विकणारा एकच असतो. २०१६ च्या सप्टेंबरपासून राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्यांत दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढवण्याची पद्धत आली, तत्काळच्या जोडीला प्रीमियम तत्काळ आले. चढाओढ नसता चढाओढीचा भाव घेणे म्हणजे अडलेल्याची अडवणूक होय, असे मी स्पष्ट म्हणतो. आमच्या जुन्या भाषेत रेल्वेच्या भाड्याला हशील म्हणत, आणि हा शब्द फार जाणता आहे. नदीच्या नावेचे, टपालाचे, रस्त्याचे ते हशील: सर्वांस ठाऊक असलेले, आगाऊ ठरलेले, माणूस पाहून न बदलणारे देणे. सौदा दोघांच्या खुशीचा असतो; हशिलात एका पक्षाला खुशी नसतेच, म्हणून तर ते जाहीर असावे लागते.

विविधतेने निवड मिळते, या पहिल्या मुद्द्यातील खरे तेवढे मी आनंदाने मान्य करतो. वातानुकूलित डब्याचा खर्च अधिक, त्याचे भाडे अधिक असावे. राखून ठेवलेल्या बर्थाचे आरक्षणशुल्क असावे. अंतर वाढेल तसा दर उतरत जावा, हेही न्याय्य. परंतु सुपरफास्टचा अधिभार या जातीचा नाही. सरासरी ताशी ५५ किलोमीटर वेग वेळापत्रकात लिहिला की गाडी सुपरफास्ट होते आणि दुसऱ्या वर्गाला १५ रुपये, शयनयानाला ३० रुपये चढतात. गाडी उशिरा पोचली तर ते परत मिळत नाहीत. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ साली नेमक्या याच वसुलीवर आक्षेप नोंदविला होता. त्याहूनही जिव्हारी लागणारे उदाहरण साध्या पॅसेंजरचे. महामारीनंतर त्याच गाड्या, त्याच थांब्यांवर थांबत, क्रमांकाच्या आधी शून्य लावून ‘विशेष’ म्हणून परत आल्या आणि किमान भाडे १० रुपयांचे ३० झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा १० वर आले. बडनेरा ते अमरावती हा जेमतेम दहा किलोमीटरांचा पल्ला. तेवढ्यासाठी काही वर्षे तिप्पट हशील देणाऱ्या मजुराला आणि विद्यार्थ्याला कोणती निवड मिळाली होती? आणि ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबली ती थांबलीच.

‘आता सारे मोबाइलवर दिसते’ या उत्तराचा विचार लांबवीत नाही. दिसणे आणि समजणे यांत अंतर आहे, आणि ज्याच्या हाती मोबाइल नाही त्याचाही गाडीवर तेवढाच हक्क आहे. रेल्वे प्रवाशांना तोट्यात वाहते, या मुद्द्याला मात्र उत्तर दिले पाहिजे. प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असे रेल्वेने तिकिटांवर छापले. छापावे, पण ज्या कागदावर प्रवासी रेल्वेचे किती देणे लागतो ते छापता येते, त्याच कागदावर त्याने दिलेल्या पैशांत भाडे किती, अधिभार किती, आरक्षण किती, हे साध्या मराठीत छापण्यास जागा नसावी काय?

माझे म्हणणे एवढेच, की आरक्षण नसलेल्या डब्याचे हशील अंतरावर असावे, गाडीच्या नावावर नसावे. जो जनरल डबा तोच त्याचा दर, मग त्याच्या पुढे कोणतेही इंजिन लागो. चुकून वरच्या तिकिटाच्या गाडीत बसलेला प्रवासी आपण होऊन टीसीपाशी गेला, तर त्याच्याकडून फरक घ्यावा, दंड घेऊ नये. आणि सर्वांत आधी कायद्याचे पालन व्हावे. प्रत्येक स्थानकावर, ठळक व सहज पोचता येईल अशा जागी, गाड्यांच्या वेळा आणि तेथून निरनिराळ्या स्थानकांचे भाडे हिंदी, इंग्रजी व त्या भागात चालणाऱ्या भाषेत लावावे, असे १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ४९ वे कलम सांगते. १८९० च्या कायद्यातही हे बंधन होतेच. कायद्याने नेमलेला तो मराठी दरफलक, अकोला, शेगाव, भुसावळ, नागपूर या नावांपुढे एकेक आकडा लिहिलेला, बडनेऱ्याच्या खिडकीजवळ इतका मोठा असावा, की रांगेत मागे उभ्या असलेल्या भातकुलीच्या त्या बाईने शेजारच्या पोराकडून तो वाचवून घ्यावा आणि पदराच्या गाठीतले पैसे खिडकीशी पोचण्याआधीच मोजून हातात धरावेत.

शकुंतला रुंद रुळांवर परत यावी, म्हणून यवतमाळ ते अचलपूर या साऱ्या टापूतून अर्जविनंत्या चालू आहेत. ती आली, आणि मालक कोणीही असला, तरी अचलपुराहून निघून मूर्तिजापुरास गाडी बदलून शेगावास उतरणाऱ्या माणसाच्या हाती एकच तिकीट असावे, आणि त्याचा दर अचलपूरच्या फलकावर मराठीत लिहिलेला असावा, हे कलम त्या अर्जांत आजच घालून ठेवले पाहिजे.