शेजारच्या मंडळापुढे वही उघडा



चिकोडीचा पिनक्रमांक ५९१२०१ आणि निपाणीचा ५९१२३७. निपाणीहून महामार्गाने थोडे पुढे गेले की कागल लागते. त्याचा क्रमांक मात्र ४१६२१६. पहिलाच अंक बदलतो, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चिकोडी तालुका मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमा आली, तरी सोयरीक आणि बाजारहाट तुटला नाही. टपाल तिकिटे जमविणाऱ्या मुलांचाही असाच घरोबा जुळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी तिकिटे आपण होऊन घरी येत. सैन्यातल्या मुलाचे पत्र, मुंबईच्या काकांचे पाकीट, आखातातून आलेली खुशाली, सर्वांवर तिकीट असे. आता खुशाली दूरध्वनीवर कळते. २०२५ साली रजिस्टर टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि पाकिटावर बहुधा रेघांची चिठ्ठी दिसते. आज संग्रह आरंभणाऱ्या मुलास तिकीट मिळावे कोठून? शेजाऱ्याच्या वहीतूनच.

समजा, निपाणीच्या शाळेतील तिकीट मंडळाने कागलच्या मंडळास एका रविवारी बोलाविले. एकाजवळ कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे १९७७ सालचे तिकीट दोनदा आहे. दुसऱ्याजवळ शिवाजी महाराजांचे १९६१ सालचे दोनदा आहे. अदलाबदल होताच दोन्ही वह्या भरल्या आणि कोणाचेही काही उणे झाले नाही. आपल्या मुलाच्या वहीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे १९७४ सालचे तिकीट असेल, तर हे कोण, असे शेजारचा मुलगा विचारील. तेव्हा उत्तर देता आले पाहिजे. तिकिटाबरोबर त्याची हकिकत दिली, तरच देणे पूर्ण झाले.

येथे एक मोह असतो, त्याविषयी थोरांनी सावध राहावे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. त्यांपैकी दहा रुपयांचे तिकीट आज फार मोलाचे आहे. आजोबांच्या पेटीतले ते तिकीट लहानग्याने आणले आणि जाणत्या मुलाने फुलपाखरांची दहा रंगीत तिकिटे देऊन ते घेतले, तर त्यास अदलाबदल म्हणता येईल काय? लहानगा हसत घरी जाईल. परंतु मोठा झाल्यावर त्यास सारे उमगेल आणि त्या दिवशी तिकिटापेक्षा मोठी वस्तू हरवलेली असेल. म्हणून ज्यास अधिक कळते, त्याने आधी खरे मोल सांगावे. दिलेल्या-घेतलेल्या तिकिटांची नोंद दोन्ही मंडळांनी ठेवावी. तसेच फाटकी तिकिटे तेवढी शेजाऱ्यास आणि चांगली आपणास, अशी वाटणी करू नये.

काही साध्या गोष्टी ध्यानात असाव्यात. तिकीट बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावे. वहीत ते खळीने चिकटवू नये. १९५६ पूर्वीची पाकिटे घरात सापडल्यास तिकीट सोडवून घेऊ नये; शिक्क्यावरील गाव आणि तारीख हाच त्यांचा खरा ठेवा आहे.

टपाल खात्याने २०१७ साली सुरू केलेल्या दीनदयाळ स्पर्श योजनेत सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. त्यासाठी विद्यार्थी शाळेच्या तिकीट मंडळाचा सभासद असावा, अथवा त्याचे टपाल खात्यात तिकिटांसाठीचे ठेव खाते असावे, अशी अट होती. तेव्हा शाळेत मंडळ नसल्यास पालकांनी शिक्षकांकडे गोष्ट काढावी.

कुलपात ठेवलेली वही एक दिवस रद्दीत जाते. शेजाऱ्यापुढे उघडलेली वही दोन घरांत जपली जाते. या सुटीत आपल्या घरची वही उघडाल ना?