आशा कामगार का नव्हे?

१९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. रोग्याला वस्तीबाहेर ठेवण्याऐवजी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार ही पद्धत त्याने रुजवली. तिचा कणा डॉक्टर नव्हता. अंगावरचा चट्टा बधिर आहे की नाही हे ओळखणारा, आणि तो त्याला दाखवावा इतका विश्वास लोकांना वाटेल, असा प्रशिक्षित कार्यकर्ता हाच तिचा कणा होता.

२००५ साली देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. रोग संपला नाही. त्याच वर्षी ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातून आलेल्या ‘आशा’कडे कुष्ठरुग्ण शोधण्याचे, क्षयरुग्णाला गोळ्या देण्याचे आणि २०२० मध्ये करोनासाठी दारोदार फिरण्याचेही काम आले. सरकारलेखी मात्र ती स्वयंसेविका. तिला वेतन नाही, मोबदला आहे. प्रशिक्षणावर खर्च करायचा आणि प्रशिक्षित हातांना कामगार म्हणायचे नाही, हे अर्थशास्त्र अजबच! पोटासाठी तिने काम सोडले, तर गावाने टाकलेला विश्वासही तिच्याबरोबर जातो. नव्या बाईला पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागते.

योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली आहे. प्रशिक्षण शिबिरे मागणाऱ्या प्रत्येक निवेदनात तिच्या अंमलबजावणीची मागणी पहिली असली पाहिजे.