रायपूर कोणी वसविले?

बीरगावच्या कडेने जाणाऱ्या लोहमार्गावरून रात्रंदिवस कोळसा आणि लोखंड वाहणाऱ्या मालगाड्या धावत असतात. इंग्रज आले नसते तर ही रेल्वे नसती, पलीकडचे रायपूर शहरही नसते, असा युक्तिवाद अलीकडे पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. साम्राज्य गेले, परंतु साम्राज्याचे भाट अद्याप शिल्लक आहेत!

‘वसविणे’ हे क्रियापद वसाहतवाद्यांना अत्यंत प्रिय आहे. १७८८ साली त्यांनी सिडनी ‘वसविले’. तेथे हजारो वर्षे राहणारी माणसे त्यांच्या हिशेबी धरलीच गेली नाहीत. ती भूमी निर्मनुष्य व बेवारस होती, हा कायदेशीर बनाव ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोडीत काढला. कलकत्त्याचा संस्थापक म्हणून जॉब चार्नॉकचे नाव पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्पिढ्या छापले गेले. २००३ साली तेथील उच्च न्यायालयाने ते श्रेय काढून घेतले.

रायपूरचा प्रकार याहून वेगळा नाही. राजा ब्रह्मदेवाचा तेथील शिलालेख १४०२ सालचा आहे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जन्मापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षांचा. इंग्रजांनी केले ते एवढेच, की सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून, बाल राजाच्या नावाने रेसिडेंट जेन्किन्सने कारभार हाती घेतला आणि १८१८ साली छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले. प्रथम एडमंड्स व त्याच्यामागून अॅग्न्यू येथे सुपरिंटेंडेंट म्हणून बसले. नवी नगरी उभारावयास ते आले नव्हते; सारावसुली व बंदोबस्त यांना सोयीचे ठिकाण त्यांना हवे होते. ‘संस्थापने’चा सारा मजकूर एवढाच!

येथे मराठी वाचकाने आपलेही घर तपासून पाहावे. भोसल्यांच्या अमलाविषयी हळवे होणारे लोक आपल्यात कमी नाहीत. परंतु १७८७ साली बिंबाजी भोसले वारल्यानंतर छत्तीसगडचा सुभा नागपूरहून सुभेदारांमार्फत चालू लागला. सुभेदारी ठेक्याने दिली जाई आणि ठेक्याची रक्कम रयतेच्या कोठारातून भरून निघे. इंग्रजांनी न्यायाचे राज्य मोडून अन्यायाचे आणले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी जुन्या लुटीला दप्तर, तुरुंग व पलटण जोडून दिली. १८३० साली मुलूख भोसल्यांना परत मिळाला, आणि १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारताच डलहौसीने तो कायमचा गिळंकृत केला.

पुढे १८६० च्या दशकातील जमाबंदीने घाव मुळावरच घातला. छत्तीसगडच्या गावांत ‘लाखाबाटा’ची चाल होती, शेतजमिनीची शेतकऱ्यांत काही वर्षांनी फेरवाटणी होई. जमाबंदीने गावप्रमुखाला व ठेकेदाराला मालगुजार, म्हणजे गावाचा मालक करून टाकले. त्या मालगुजारांत मराठी आडनावेही होती, हे सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ही मालकी संपावयास १९५१ साल उजाडावे लागले.

रेल्वेचे म्हणाल तर नागपूर-राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने घेतला, रुंद केला व रायपूर-बिलासपूरमार्गे पूर्वेकडे नेला. तो येऊनही १८९६-९७ चा दुष्काळ टळला नाही, १८९९-१९०० चाही टळला नाही. मार्क्सने १८५३ साली भारतातील रेल्वेविषयी लिहिले, त्याचा अर्धाच भाग सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. या साधनांची फळे भारतीयांच्या हाती पडावयाची तर इंग्लंडमध्ये कामगारवर्ग सत्तेवर आला पाहिजे किंवा भारतीयांनीच ते जोखड फेकून दिले पाहिजे, हा त्याच लेखातील दुसरा अर्धा भाग ते गाळतात!

तो दुसरा भाग रायपुरात लवकरच घडू लागला. १८५६ साली दुष्काळ पडला असता सोनाखानचे बिंझवार आदिवासी जमीनदार नारायणसिंह यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून उपाशी लोकांत वाटले आणि तसे स्वतःच डेप्युटी कमिशनर इलियट यांस कळविले. ते स्वतः जमीनदार होते, ही गोष्ट लपविण्याची नाही. म्हणूनच ते कोणाच्या बाजूला उभे राहिले हे महत्त्वाचे ठरते. सरकार साठेबाजाच्या बाजूला उभे राहिले. नारायणसिंहांना अटक झाली. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगातून निसटले आणि त्यांनी सोनाखानला फौज जमविली. शेजारच्या देवरीचा जमीनदार, त्यांचाच आप्त, इंग्रजांना मिळाला. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आले.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, तेथल्याच तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंहाने सार्जंट-मेजर सिडवेलला त्याच्या बंगल्यात ठार केले. उठाव काही तासांतच चिरडला गेला. २२ जानेवारीला सतरा जणांना उघड्यावर फाशी दिले. त्यांत गाझी खान होता, अब्दुल हयात होता, पन्नालाल, मातादीन आणि शिवगोविंदही होते. हनुमानसिंहाला पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे इनाम सरकारने जाहीर केले. तो कधीच सापडला नाही.