विलगता की हस्तक्षेप? एक फसवे द्वंद्व

२२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणमधील फोर्दो, नतांझ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ला केला, तेव्हा ‘अमेरिका प्रथम’ या घोषणेवर निवडून आलेल्या अध्यक्षांच्या अनुयायांतलाच तंटा चव्हाट्यावर आला. परक्यांच्या युद्धात पडायचे नाही, या आश्वासनावर मते घेतली होती, असे एका गटाचे म्हणणे. अमेरिकेचा वचक राखणे म्हणजेच ‘अमेरिका प्रथम’, असे दुसऱ्याचे. वृत्तपत्रांनीही लगोलग जुन्या पाट्या काढून दोघांच्या गळ्यात अडकविल्या : हे विलगतावादी, ते हस्तक्षेपवादी. अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणाची चर्चा गेली शंभर वर्षे याच दोन शब्दांच्या दावणीला बांधलेली आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत येथे आणखी एक घोटाळा संभवतो. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेतून जी चळवळ उभी राहिली, तिच्यामुळे ‘अलिप्तता’ हा शब्द आपल्या कानांना परिचित आहे. त्या अलिप्ततेचा अर्थ जगाकडे पाठ फिरविणे असा नव्हता. दोन लष्करी गटांपासून दूर राहून जगाच्या प्रश्नांवर बोलण्याचा हक्क राखणे, असा होता. अमेरिकेतील प्रवृत्ती निराळ्या जातीची असल्याने तिला विलगतावाद म्हणणेच बरे.

या विलगतावादाची वंशावळ जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ च्या निरोपाच्या संदेशापर्यंत नेली जाते. परदेशांशी कायमच्या युती करू नयेत, हा त्यातील उपदेश मुख्यतः युरोपला उद्देशून होता. शेजाऱ्यांना तो कधीच लागू पडला नाही. १८४६-४८ च्या युद्धानंतर मेक्सिकोचा विस्तीर्ण उत्तर भाग अमेरिकेत सामील झाला. १८९८ मध्ये फिलिपाईन्स, प्वेर्तो रिको व ग्वाम ही स्पेनची बेटे ताब्यात आली. फिलिपाईन्सच्या प्रकरणी साम्राज्यविरोधी संघ उभा राहिला आणि मार्क ट्वेन त्याचे एक उपाध्यक्ष झाले, हे खरे. पण बेटे सुटली नाहीत.

या संदर्भात हैतीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला रवाना केले. जुलै १९१५ मध्ये फौज उतरली, ती १९३४ पर्यंत हलली नाही. जकातीची वसुली अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती गेली आणि तीतून परकीय कर्जाची फेड होऊ लागली. रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीला धरण्यात आले. गुलामांच्या बंडातून जन्मलेल्या या राष्ट्राने परकीयांना जमीन घेण्यास जी बंदी घातली होती, तीही १९१८ च्या नव्या राज्यघटनेने उठविली. या राजवटीविरुद्ध लढणारा नेता शार्लमाञ पेराल्त १९१९ च्या ऑक्टोबरअखेरीस मारला गेला. त्याचा देह एका फळीला बांधून त्याची छायाचित्रे लोकांत वाटण्यात आली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १९ नोव्हेंबर रोजी, अमेरिकी सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला आणि राष्ट्रसंघाचे दार लावून घेतले. हीच तारीख विलगतावादाच्या विजयाचा दिवस म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे!

अर्थकारणातही हीच तऱ्हा. पहिल्या महायुद्धाने अमेरिका ऋणकोची धनको झाली. ब्रिटन व फ्रान्सने युद्धकर्ज फेडावे, हा तिचा आग्रह. फेड करायची डॉलरमध्ये. डॉलर मिळवायचे तर अमेरिकेत माल विकला पाहिजे. आणि तोच माल येऊ नये म्हणून १९२२ मध्ये व पुन्हा १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने जकातीची भिंत उंचावलेली. सावकाराने हप्त्याचा तगादा लावावा आणि कुळाची गाडी बाजारात येऊ नये म्हणून वेस बंद करावी, तसा हा प्रकार होता. एक हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना निवेदन देऊन हा कायदा नामंजूर करण्याची विनंती केली. त्यांनी सही केली. (एप्रिल २०२५ मध्ये सर्व जगाच्या मालावर जकात जाहीर करणाऱ्यांनाही अर्थशास्त्रज्ञांचे सल्ले कमी पडले नव्हते.) विलगता होती ती जबाबदारीपासून. व्याजापासून कोणी विलग झाले नाही.

तथापि, तटस्थतेच्या कायद्यांमागे केवळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने १९३४ ते १९३६ या काळात शस्त्रांचे कारखानदार व बँकवाले यांनी महायुद्धात किती नफा कमावला, याची झडती घेतली. पुन्हा या लोकांसाठी मरायचे नाही, ही भावना सच्ची होती. पण या सच्च्या भावनेतून झालेला कायदा स्पेनमध्ये कसा वागला, हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्पेनमधील दोन्ही बाजूंना शस्त्रे विकण्यास बंदी केली. दोन्ही बाजूंना, म्हणजे लोकांनी निवडलेल्या प्रजासत्ताकाला आणि त्याच्यावर उठलेल्या जनरल फ्रँकोलाही. फ्रँकोला हिटलर व मुसोलिनी यांच्याकडून विमाने येत होती. बंदीचा फास प्रजासत्ताकाच्या गळ्याला बसला. शिवाय खनिज तेल शस्त्रांच्या यादीत नव्हते. टेक्साको कंपनीने फ्रँकोला ते उधारीवर पुरविले. उधारीस कायद्याची मनाई असल्याने कंपनीला दंड झाला, पण तो नफ्याच्या मानाने क्षुल्लक होता. प्रतिनिधीगृहात या बंदीविरुद्ध एकच मत पडले : मिनेसोटाच्या शेतकरी-कामगार पक्षाचे जॉन बर्नार्ड यांचे.

अमेरिकेतील समाजवाद्यांची ओढाताणही याच काळातली. १९१८ मध्ये ओहायोतील कँटन येथे युद्धविरोधी भाषण केल्याबद्दल यूजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९२० मध्ये तुरुंगात असतानाच त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत नऊ लाखांहून अधिक मते मिळविली. त्यांचा वारसा सांगणारे नॉर्मन थॉमस मे १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत चार्ल्स लिंडबर्ग यांच्या शेजारी बसले. चारच महिन्यांनी डे मॉइन येथे लिंडबर्गने ज्यूंवर युद्धखोरीचा आरोप केला. युद्धाला विरोध करणारे सगळे एका जातीचे नसतात. मजुराच्या मुलाला वाचवू पाहणारा आणि निर्वासिताला दारात उभे करू न इच्छिणारा, हे दोघे काही काळ एकाच व्यासपीठावर दिसतात इतकेच. थॉमस यांची चूक नैतिक नव्हती, पण ती चूक होतीच : हिटलरशी लढणाऱ्या ब्रिटनला त्या वर्षी मदत मिळणे जगाच्या हिताचे होते. पुढे १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत कोंडले गेले, तेव्हा ज्या थोड्या पुढाऱ्यांनी निषेध केला त्यांत मात्र थॉमस होते.

तेव्हा ‘जावे’ किंवा ‘जाऊ नये’ यांपैकी कोणतेच उत्तर सर्वकाळ बरोबर ठरत नाही. निर्णय कोणाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी तोच राहतो. तो एकदा स्वच्छ शब्दांत मांडला गेला होता. इंडियानाचे प्रतिनिधी लुई लडलो यांनी अशी घटनादुरुस्ती सुचविली की, देशावर आक्रमण झाल्याखेरीज युद्ध पुकारायचे असेल तर सार्वमत घ्यावे. १० जानेवारी १९३८ रोजी ती चर्चेला घेण्याचा प्रस्तावच २०९ विरुद्ध १८८ मतांनी पडला. सार्वमताने युद्धे चालविता येतात काय, ही शंका रास्त आहे. पण लडलो यांना हसणाऱ्यांनी पुढे त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दाखविले. राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला असूनही १९४२ नंतर तिने एकदाही रीतसर युद्ध पुकारलेले नाही. कोरिया आणि व्हिएतनाम यांनंतरही नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली गेली, तीही अध्यक्षांच्या मर्जीनेच. १९७३ चा युद्धाधिकार कायदा निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून संमत झाला खरा, पण त्यानंतरच्या अध्यक्षांनी त्याला जुमानले नाही. इराणवरील हल्ल्यानंतर पाच दिवसांनी, २७ जून २०२५ रोजी, पुढील कारवाईसाठी काँग्रेसची मंजुरी आवश्यक ठरविणारा ठराव सिनेटने ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला.

१४ सप्टेंबर २००१ रोजी प्रतिनिधीगृहात पुन्हा एकच विरोधी मत पडले होते. ते कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. त्या दिवशी संमत झालेल्या बळाच्या वापराच्या अधिकारपत्राचा गाभा इंग्रजीत अवघ्या साठ शब्दांचा आहे. त्याच्याच आधारे २०१४ मध्ये सिरियात इस्लामिक स्टेटवर बाँबवर्षाव झाला. ते शब्द लिहिले गेले, तेव्हा त्या नावाची संघटना जन्मलीही नव्हती.