वजनकाट्याला न दिसणारी झीज

खुर्चीतून उठताना हात टेकावा लागला की 'वय झालं' म्हणून घरात विषय मिटतो. वजन तेवढेच आहे ना, मग काळजी कसली? पण वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी चक्क स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर हाडांना जोडलेले स्नायूच उचलतात, हे ध्यानात घेतले तर मधुमेहाच्या या देशात स्नायूंची झीज ही केवळ म्हातारपणाची तक्रार उरत नाही.

'आम्ही रोज चालतो की,' असे यावर हमखास ऐकू येते. चालणे हृदयाला उत्तमच. पण स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात. संथ तंतू दमाचे, सावकाश चालण्याचा भार मुख्यतः त्यांच्यावर. जलद तंतू झटक्याचे. वयाबरोबर जास्त बारीक होतात ते हेच. बाथरूममध्ये पाय घसरला तर सावरायला तेच लागतात, आणि त्यांना कामाला लावायचे तर जोर लावावा लागतो: उठाबशा, जिना, थोडे वजन.

या वयात वजने उचलायची, काही झाले तर? शंका रास्त आहे; हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मात्र १९९० मध्ये 'जामा'त आलेल्या अमेरिकी प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा जोरकस व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, खरे. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांचा कौलही त्याच बाजूने पडला. खरा धोका बसून राहण्यात जास्त आहे. तरीही आपल्या तपासणी पॅकेजांत कोलेस्टेरॉलपासून थायरॉइडपर्यंत सगळे मोजतात, पायांतला जोर तेवढा कुणी बघत नाही. त्याला ना सुई लागते, ना पैसे. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषानुसार बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना तसे सांगा.