कच्ची चिठ्ठी आणि मोबाईलवरचा कारोबार

कापडाच्या पेठेत ताका हाती आला की आपण तो मोजून घेतो. समोरचा व्यापारी वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी मोजतो आणि त्यालाही त्याचा राग येत नाही. मात्र गिऱ्हाइकाने मोबाईल डोळ्यांसमोर धरून "पैसे पाठवले" म्हटले की आपण न मोजता माल बांधून देतो. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी नोटबंदीही झाली, आणि गल्ल्यावर चालणारा आपला कारोबार हळूहळू मोबाईलवर गेला. मोजून घेण्याची सवय मात्र गल्ल्यापाशीच राहिली.

गिऱ्हाइकाच्या फोनवरील हिरवी खूण म्हणजे रक्कम नव्हे. तशी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप्स निघाली आहेत. बँकेच्या नावाचा एसएमएसही खोटा असू शकतो, म्हणून स्वतःचे खाते उघडून पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. एवढे ध्यानात ठेवले तर "लष्करातून बोलतोय, छावणीसाठी चादरी हव्यात, आगाऊ रक्कम घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा" असे सांगणाऱ्याचा डाव तिथेच फसतो.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. इंग्रजी संदेश वाचण्याचा कंटाळा येतो, मग फोन दुकानातील पोराच्या हाती जातो आणि सोबत पिनही. तिजोरीची किल्ली जे कोणाला देत नाहीत, तेच हे करतात! फोनची भाषा मराठी किंवा उर्दू करून घेता येते, त्याला पाच मिनिटे लागतात.

पण माझ्या मते छोट्या व्यापाऱ्याला खरा धोका आहे तो कच्च्या चिठ्ठीचा. परगावचा अनोळखी माणूस फोनवर माल मागवतो, रक्कम पूर्ण देतो, माल घेतो. आपण खूश. महिन्याभराने बँकेत कळते की खाते गोठवले आहे. ती रक्कम दुसऱ्या राज्यातील कोणा फसवल्या गेलेल्या माणसाची होती आणि दोनतीन खात्यांतून फिरत आपल्याकडे आली होती. तपासात पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली असा मुद्देमाल अडवण्याचा अधिकार आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वादातील रकमेपुरतेच खाते रोखावे असे बँकांना सांगितले. प्रत्यक्षात पुष्कळदा सगळेच खाते बंद पडते. कारागिरांचा आठवड्याचा पगार त्यातच अडकलेला असतो.

अशा वेळी आपण माल दिला होता हे कशाने दाखवणार? बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, पन्नास हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर. ज्याच्याकडे हे आहे तो परक्या ठाण्यातील अधिकाऱ्याला पत्र लिहू शकतो. पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहिणारा कोणत्या तोंडाने लिहिणार? कर वाचतो म्हणून कच्चे चालवणाऱ्यांना हे कडू लागेल, लागू दे. उलाढाल चाळीस लाखांच्या आत असून जीएसटी क्रमांक नसला तरी क्रमांक छापलेले बिलबुक ठेवायला कोणाची मनाई नाही. घरखर्चाचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे धंद्याचे अडकले तरी चूल चालते. आणि कोणी ओळखीचा "तुझ्या खात्यात पैसे येऊ दे, कमिशन घे" म्हणाला तर तो नात्यातला असला तरी स्पष्ट नकार द्यावा.

व्यापारी संघांनी यात हात घालावा. वर्गणी गोळा करणे आणि सत्कार घडवणे यापलीकडे एखादा माहीतगार वकील नेमून ठेवला, तर दहा दुकानदारांचे खेटे वाचतील.

फसवणूक झालीच तर पेठेत साख जाईल म्हणून लोक चार दिवस गप्प बसतात. तेवढ्यात रक्कम पुढे निघून जाते. १९३० हा क्रमांक त्याच तासात लावावा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा, आणि बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.